आडनावाच्या रकान्यात काय लिहायचं?

'सरनेम क्या है?'

'नहीं है.'

'अरे, मतलब आडनाव... फॅमिली नेम!'

'समझ गयी. नहीं है.'

हा संवाद आमच्या लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, रात्री साडेअकरा वाजता, लॅपटॉपसमोर झालेला आहे. उत्तर देणारी मुलगी मूळची काबूलची. २०१९ साली पदवीसाठी पुण्यात आली, आता आपल्याच कॉलेजात एम.ई. करते. आम्ही सगळ्याजणी तिला दीदी म्हणतो. तिचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढे येईलच. आणि प्रश्न विचारणारी शहाणी म्हणजे अस्मादिक! दीदीचा स्टुडंट व्हिसा संपायला एकवीस दिवस उरले होते. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाईन भरायचा होता. मी शाळा कॉन्व्हेंटमध्ये केल्यामुळे होस्टेलमध्ये 'हिचं इंग्लिश चांगलं आहे' अशी माझी ख्याती आहे. कुणाला रजेचा अर्ज, कुणाला स्पॉन्सरशिपचं पत्र, कुणाला रेझ्युमे... सबमिशनच्या दिवसांत तर माझ्या खोलीबाहेर रांग लागते. त्यामुळे दीदीने 'जरा फॉर्म देखोगी?' म्हटल्यावर मी लगेच हो म्हणून टाकलं. त्यात काय एवढं? फॉर्मच तर भरायचा!

पासपोर्टवर तिचं एकच नाव. पुढे काही नाही. पण स्क्रीनवर आडनावाचा रकाना रिकामा राहिलेला मला काही बघवेना. आपल्या महाराष्ट्रात बालवाडीपासून हाताला वळणच पडलेलं असतं ना: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिच्याकडे 'तजकिरा' होता. तजकिरा म्हणजे अफगाणिस्तानातलं ओळखपत्र. त्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव आणि आजोबांचं नाव अशी तीन नावं. मी खूष! वडिलांचं नाव मधल्या जागेत टाकलं, आजोबांचं नाव आडनाव म्हणून टाकलं. दीदी म्हणाली, 'पर पासपोर्ट में तो ये नहीं है.' मी म्हटलं, 'इंडिया में ऐसेही चलता है!' आणि सबमिट.

सहाव्या दिवशी अर्ज परत आला. नाव पासपोर्टशी जुळत नाही, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. हातात पंधरा दिवस उरले होते.

मित्रांनो, चूक ऑफिसची नव्हती, वेबसाईटची नव्हती, दीदीची तर मुळीच नव्हती. चूक माझी होती, आणि ती मी अगदी चांगल्या मनाने केली होती. हा लेख त्या वाया गेलेल्या सहा दिवसांबद्दल आहे. मला एवढंच सांगायचंय की आपल्या आजूबाजूच्या अशा मुलामुलींना आपण मदत केलीच पाहिजे, पण नुसतं चांगलं मन असून भागत नाही. या कामात दया, कळवळा वगैरेंपेक्षा एकेक अक्षर ताडून बघण्याला जास्त किंमत आहे. आणि हे काम एखाद्या 'चांगल्या इंग्लिश'वालीच्या भरवशावर सोडायचं नसतं, त्याची कॉलेजात काहीतरी व्यवस्था लागते.

आता कुणी म्हणेल, व्हिसाचे फॉर्म आम्हाला काय नवीन आहेत? अगदी खरंय. आपल्या होस्टेल्समध्ये बी.ई.च्या विंगमध्ये वर्षातले सहा महिने दुसरा विषयच नसतो. जीआरई, आय-ट्वेंटी, डीएस-१६०, स्लॉट मिळाला का, बीकेसीला किती वाजता पोचायचं, खिडकीमागचा ऑफिसर काय विचारतो... मुलाखतीच्या आदल्या रात्री अख्खी विंग मॉक इंटरव्ह्यू घेते. आडनावाचा घोळसुद्धा आपल्याला माहीत आहे. आपल्या कॉलेजातल्या एका तमिळ सीनियरच्या पासपोर्टवर आडनाव नव्हतं. अमेरिकेच्या व्हिसावर त्याचं स्वतःचं नाव आडनावाच्या जागी गेलं आणि नावाच्या जागी छापून आलं 'एफएनयू', म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन'! पुढे महिनाभर त्याला सगळे 'फनू' म्हणत होते.

म्हणजे कसब आपल्याकडे भरपूर आहे. पण ते आपण आपल्या विंगपुरतंच वापरतो. आणि एक मोठा फरक आहे. आपला व्हिसा नाकारला गेला, तर आपण घरी राहतो. आई-बाबा 'जाऊ दे रे, पुढच्या वर्षी बघू' म्हणतात, आपण कॅम्पसला बसतो. दीदीचा नाकारला गेला, तर तिला घरी जावं लागतं. आणि तिचं 'घरी' म्हणजे काय?

१५ ऑगस्ट २०२१. आपण इथे झेंडावंदन करत होतो, त्याच दिवशी तालिबानने काबूल घेतलं. भारत सरकारने दोनच दिवसांत, १७ ऑगस्टला, अफगाण लोकांसाठी तातडीचा इलेक्ट्रॉनिक व्हिसा जाहीर केला. त्यानंतर २५ ऑगस्टला सरकारने सांगितलं, की जे अफगाण नागरिक त्या वेळी भारतात नाहीत त्यांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द. कोविडमध्ये कॉलेजं बंद म्हणून जे विद्यार्थी सुट्टीला घरी गेले होते, त्यांच्यापैकी अनेकजण तिथेच अडकले. पुस्तकं, कपडे, मार्कलिस्ट इथे, पोरं तिथे! दीदी त्या वर्षी घरी गेली नव्हती, कारण विमानाचं तिकीट महाग होतं. एवढ्या एका कारणाने ती आज एम.ई. करतेय. पुढे २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींसाठी विद्यापीठं बंद केली. तिची धाकटी बहीण तिकडे वर्गातून घरी आली ती आलीच. २०२३ च्या नोव्हेंबरात दिल्लीतला अफगाण दूतावास तिथल्या जुन्या अधिकाऱ्यांनी कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या पासपोर्टची मुदत त्या काळात संपत आली होती, त्यांच्या जिवाला काय घोर लागला असेल!

आता या पार्श्वभूमीवर आपले नेहमीचे शब्द वाचून बघा. केटी. वायडी. आपल्याला वायडी लागली तर बाबा ओरडतात, मित्र चहा पाजतात, वर्ष जातं. स्टुडंट व्हिसावरच्या मुलाचा इथे राहण्याचा आधारच मुळी ॲडमिशन असतो. कोर्स संपला, लांबला, बदलला की लगेच कागद हलवावे लागतात. म्हणून परत जाऊ न शकणारी कित्येक मुलं एक कोर्स संपला की दुसऱ्याला प्रवेश घेतात. आपण मागे म्हणतो, 'केवढं शिकतात ही लोकं!' दीदीला एम.ई. खरंच करायचं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मग ही मुलं निर्वासित की विद्यार्थी? इथे माझा पार गोंधळ उडाला होता, म्हणून जेवढं नक्की कळलं तेवढं सांगते. भारताने निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यानंतरच्या १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे ठिकाणांहून आलेल्या लोकांची नोंद दिल्लीतली यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था करते. पण तिचं कार्ड म्हणजे भारत सरकारचा व्हिसा नव्हे. कायद्याच्या नजरेत शेवटी प्रत्येकजण 'परदेशी व्यक्ती'. १ सप्टेंबर २०२५ पासून यासाठी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे गेले. नव्या कायद्यात व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे 'बघू रे, दोन दिवस इकडेतिकडे झाले तर काय होतं' ही आपली सबमिशनची स्टाईल इथे चालत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्या राज्यघटनेचं २१ वं कलम, जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं, फक्त नागरिकांपुरतं नाही. ते प्रत्येक 'व्यक्ती'साठी आहे. अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितलं. तेव्हा दीदीला मदत करणं म्हणजे काही 'सिस्टिम'च्या विरोधात जाणं नाही. उलट सिस्टिमने जे मागितलंय, ते तिला नीट आणि वेळेवर देता यावं, एवढंच ते काम आहे.

आता नावाइतकीच मजा तारखेची! तजकिऱ्यावर दीदीची जन्मतारीख नाहीच. त्यावर असं लिहिलंय, की १३९० साली हिचं वय दहा वर्षं. मी आधी बघतच राहिले. १३९०? मग तिने समजावलं, की त्यांचं सौर हिजरी कॅलेंडर असतं. वर्ष २१ मार्चच्या सुमाराला, नवरोजला सुरू होतं. त्यांच्या आकड्यात ६२१ मिळवले की इंग्रजी साल मिळतं. म्हणजे १३८० साली जन्म, म्हणजे २००१. पण थांबा! त्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं. म्हणून १३८० च्या शेवटच्या महिन्यात जन्मलेल्या मुलीचं इंग्रजी साल २००२ येतं. तिथे ६२१ नाही, ६२२ मिळवायचे.

हे मी घरी आजीला फोनवर सांगितलं, तर आजी म्हणते, 'त्यात नवीन काय? आपलं शके नाही का तसंच? अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत एकोणऐंशी.' मी गप्प! इंजिनिअरिंगचे तीन एम झाले, पण आपल्या घरातल्या कॅलेंडरचं गणित मला अफगाण मुलीमुळे कळलं.

दीदीच्या पासपोर्टवर जन्मतारीख आहे १ जानेवारी. तिच्या भावाचीही १ जानेवारी. तिच्या ओळखीतल्या कित्येकांची १ जानेवारी. एखाद्याला वाटेल, काहीतरी गडबड आहे, खोटे कागद आहेत. पण आपले आजोबा-पणजोबा आठवा. त्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला! मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी तारीख लिहिली ती जन्मतारीख. त्यात आपल्याला कधी लबाडी दिसली नाही, हसू आलं. मग दीदीच्या १ जानेवारीकडे संशयाने का बघायचं? मात्र त्याच वेळी हेही लक्षात ठेवायचं, की ती तारीख 'सुधारायची' नाही. तिच्या आईला खरी तारीख माहीत असेलही. पण पासपोर्टवर जे आहे, तेच अर्जात गेलं पाहिजे.

माझ्या चुकीतून आणि नंतर कायद्याच्या एका मैत्रिणीच्या शिव्यांमधून मी काही गोष्टी शिकले. त्या इथे लिहिते. उद्या तुमच्या शेजारच्या कॉटवरचा सुदानी, येमेनी किंवा अफगाण मित्र 'जरा फॉर्म बघ' म्हणाला तर उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, टाईप त्याने करायचं, आपण वाचायचं. मी दीदीला बाजूला सरकवून स्वतः कीबोर्ड घेतला, तिथेच पहिली चूक झाली. अर्ज तिचा आहे. उद्या कुणी काही विचारलं तर उत्तर तिला द्यायचंय. आपल्याला माहीत नसलेली माहिती ती देऊ शकते, आपण फक्त पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं. टेबलवर फॉरवर्ड आणि रिव्हर्स रीडिंग घेतो ना, तसं. आणि जो रकाना पासपोर्टवर रिकामा आहे, तो रिकामाच ठेवायचा.

दुसरी, तारखा भिंतीवर लावायच्या. व्हिसाची, पासपोर्टची, बोनाफाईडची. २०१८ पासून हे बहुतेक सगळं काम ई-एफआरआरओच्या ऑनलाईन पद्धतीने होतं. नोंदणी, मुदतवाढ, पत्ता बदलणं, कोर्स किंवा कॉलेज बदलणं, देश सोडण्याची परवानगी, सगळं तिथे. पूर्वीसारखं प्रत्येक वेळी ऑफिसात जाऊन उभं राहावं लागत नाही. पण ऑनलाईन म्हणजे आपोआप नव्हे! बोनाफाईड मिळायला चार दिवस, होस्टेलच्या राहण्याच्या दाखल्याला दोन दिवस, स्कॅन नीट येईना म्हणून एक दिवस, आणि मध्येच सर्व्हर डाऊन. हे सगळं उलटं मोजत यायचं.

तिसरी, कागद कुणाच्याही हाती द्यायचे नाहीत. माझ्याकडे दीदीच्या पासपोर्टचा फोटो होता. आकडा नीट वाचता येईना म्हणून मी तो चक्क आमच्या विंगच्या ग्रुपवर टाकला, 'कुणाला हा सात दिसतोय की एक?' एकवीस मुलींनी बघितला. दीदी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. तिच्या घरचे अजून तिकडे आहेत. ती इथे काय शिकते, कुठे राहते, कुणाबरोबर राहते, हे कुणाच्या हाती पडू नये असं तिला वाटतं, आणि तसं वाटायचा तिला हक्क आहे. मी तो फोटो लगेच काढला, पण एकदा पाठवलेलं परत येत नाही. तिचं नाव या लेखात का नाही, त्याचं कारण हेच. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर डाऊनलोड केलेले स्कॅनसुद्धा आठवणीने पुसून निघा.

चौथी, खोटं एक अक्षर नाही. हे सोपं वाटतं, पण मोह होतो. 'पत्ता जुनाच टाक ना, नवीन दाखला कोण आणणार.' 'बँकेत पैसे कमी दिसतायत, माझ्या मामांकडून एखादं स्टेटमेंट बनवून आणू?' बनावट किंवा फसवून मिळवलेला पासपोर्ट, व्हिसा, प्रवासाचे कागद माहीत असून वापरले, तर नव्या कायद्यात किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे, वर एक ते दहा लाख दंड. आणि ही शिक्षा वापरणाऱ्याला आहे तशीच पुरवणाऱ्यालाही आहे! 'सगळं मॅनेज करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर तिथून पळा, आणि मित्रालाही पळवा.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, आपण कुठे थांबायचं ते ओळखायचं. मी नेटवर चार पानं वाचून दीदीला सांगायला निघाले होते, 'तू सरळ दिल्लीला जाऊन निर्वासित म्हणून नोंद का करत नाहीस?' कायद्याची मैत्रीण भडकली. म्हणाली, 'हा तिच्या आयुष्याचा निर्णय आहे, तुझ्या असाइनमेंटचा नाही. तू स्पेलिंग तपास.' बरोबर आहे तिचं. ब्रिटनमध्ये तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हाच आहे. आपल्याकडे असं बंधन ऐकिवात नाही, पण म्हणून आपण वकील होत नाही. अर्ज नाकारला, नोटीस आली, मुदत उलटून गेली, पासपोर्ट हरवला, की लगेच जाणकाराकडे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्यानुसार तिथे महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे मला वीस वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आता येतो तो नेहमीचा प्रश्न. मेसमध्ये मी हे बोलत होते, तर समोरचा एकजण म्हणाला, 'आपल्या पोरांना कॅप राऊंडच्या आधी नॉन-क्रिमिलेअर मिळत नाही, जातपडताळणीसाठी बाप महिनोन्महिने खेटे घालतो, आणि तू परदेशी पोरींचं काय घेऊन बसलीस?'

त्याचा राग खोटा नाही. त्याच्या बहिणीची ॲडमिशन एका दाखल्यापायी हुकता हुकता राहिली होती. वडिलांच्या एका कागदावर नाव 'रामचंद्र', दुसऱ्यावर 'रामचंद', 'र' कुठेतरी गळालेला. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र, सेतू, तलाठी, पुन्हा सेतू. मी त्याला म्हटलं, 'अरे, मग तुझ्याएवढं दीदीचं दुखणं दुसऱ्या कुणाला कळणार?' तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'बोनाफाईडला त्रास देत असतील तर सांग, ऑफिसातल्या काकांना मी ओळखतो.'

आणि खरंच, दुसऱ्या खेपेला त्या काकांनीच वाचवलं! मी घाईने बोनाफाईड घेऊन निघाले होते, तर काकांनी हाक मारली. 'अगं थांब, यात कोर्स कधी संपणार ते लिहिलेलंच नाही. मुदतवाढ कधीपर्यंत द्यायची ते त्यांना कळणार कसं?' डबा अर्धा ठेवून त्यांनी नवीन प्रिंट काढली, साहेबांची सही आणून दिली. मला तोपर्यंत वाटायचं की ऑफिस म्हणजे खिडकी बंद करायला बसलेले लोक. असो. त्या दिवसापासून मी असं म्हणत नाही.

म्हणून माझी कॉलेजला विनंती आहे, आणि रेक्टर मॅडम, डीन सर हे वाचत असतील अशी आशा आहे. आपल्याकडे एक छोटा 'कागदपत्र मदत कक्ष' सुरू करा. फार काही नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी, लायब्ररीतलं एक टेबल, एक स्कॅनर, ऑफिसातलं एक अनुभवी माणूस, एक शिक्षक आणि आळीपाळीने दोन विद्यार्थी. शेजारच्या विधी महाविद्यालयातून महिन्यातून एकदा कुणी आलं तर उत्तमच. तिथे परदेशी मुलांचे व्हिसाचे अर्ज तपासून मिळावेत आणि आपल्या मुलांचे नॉन-क्रिमिलेअरचे, स्कॉलरशिपचेही. दोन रांगा कशाला? स्पेलिंग चुकल्याचं दुःख दोघांचं सारखंच आहे.

आणि यात कॉलेजवर उपकाराचा भार नाही, कर्तव्य आहेच. परदेशी व्यक्ती राहायला आली की होस्टेलने २४ तासांच्या आत कळवायचं असतं. परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश दिला की कॉलेजनेही त्याची माहिती द्यायची असते. म्हणजे सरकारला कळवण्यापुरती आपल्याकडे व्यवस्था आहेच. तीच यादी समोर ठेवून कुणाची मुदत कधी संपते ते साठ दिवस आधी त्या मुलाला कळवलं, तर किती रात्रींची झोप वाचेल!

महाराष्ट्राला हे काम नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ च्या काळात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्याचं उल्हासनगर झालं. त्या प्रत्येकाचं नाव कुणीतरी, कुठल्यातरी रजिस्टरमध्ये, कधीतरी पहिल्यांदा लिहिलं असेल. परक्या भाषेतलं नाव कानाने ऐकून, आपल्या अक्षरांत. ते नीट लिहिणारा कुणी होता की नाही, यावर किती जणांचं पुढचं आयुष्य अवलंबून राहिलं असेल, असा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

दुसऱ्या वेळी आम्ही अर्ज भरला तेव्हा कीबोर्ड दीदीकडे होता. मी पासपोर्ट धरून अक्षरं वाचत होते. आडनावाचा रकाना आला. तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही. तिने तो रिकामा ठेवला आणि पुढे गेली. मुदतवाढ आली, तेव्हा जुना व्हिसा संपायला चार दिवस उरले होते. त्या रात्री तिने अख्ख्या विंगला वेलचीचा हिरवा चहा पाजला. बेत एवढाच.

पुढच्या वर्षी हेच सगळं पुन्हा करायचंय. तोपर्यंत मी बी.ई.ला असेन, कदाचित माझाच डीएस-१६० समोर उघडलेला असेल. तेव्हा माझा पासपोर्ट हातात धरून अक्षरं कोण वाचणार, हे मात्र मी आत्ताच ठरवून टाकलंय.

(टी.ई., कॉम्प्युटर)